बर्फावरचा पहिला आठवडा : गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात काश्मीरला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये एक छायाचित्र ठरलेले असते. भाड्याचा लांब कोट, पायांत स्की, दोन्ही हातांत काठ्या आणि पडू नये म्हणून मागून कमरेला धरून उभा असलेला स्थानिक माणूस. छायाचित्र काढून झाले, पंधरा-वीस मीटर घसरून झाले, की ‘आम्ही स्कीइंग केले’ अशी नोंद होते आणि गाडी पहलगामकडे वळते. त्यात गैर काही नाही, परंतु पोहण्याच्या तलावात काठ धरून पाय मारण्याला जसे कोणी पोहणे म्हणत नाही, तसेच हेही स्कीइंग नव्हे.

त्या छायाचित्रावर ज्यांचे समाधान झालेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर पुण्याहून गुलमर्गला जाऊन शिकलो आणि त्यानंतर जमेल त्या हिवाळ्यात जात आलो आहे. स्पर्धेत उतरण्याचे वय आणि गुडघे दोन्ही मागे पडले आहेत. उतारावरून आपल्या ताब्यात, आपल्या लयीत खाली येण्याचा आनंद तेवढा पुरतो. माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, सलग सात दिवस काढता येत असतील तरच निघा आणि त्यांपैकी पहिले चार दिवस, गोंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेच्या, वरच्या टोकाकडे मान वर करून न पाहता, लहान मुले घसरतात त्या खालच्या उतारावर घालवण्याची मनाची तयारी ठेवा.

कोठे आणि केव्हा

भारतात शिकण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत. उत्तराखंडात जोशीमठाच्या वर औली आहे, जेथून नंदादेवीचे शिखर समोर दिसते आणि जेथे गढवाल मंडल विकास निगमाचे अभ्यासक्रम चालतात. तेथील उतार नवख्यांना मानवणारे आहेत. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यापासून तेथून औलीला जाणारा मोठा रोपवे बंद पडला, त्यामुळे रस्त्यानेच वर जाण्याचा हिशेब धरावा. हिमाचलात मनालीजवळ सोलंग नाला आहे आणि मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत स्कीइंगही शिकवले जाते. पण बर्फाचा भरवसा, उतारांची विविधता आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे प्रशिक्षक या तिन्हींचा एकत्र विचार केला, तर माझे मत गुलमर्गला पडते.

गुलमर्ग हे बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. येथे स्कीइंग रुजवले ते ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. १९२७ मध्ये त्यांनी येथे स्की क्लब स्थापन केला होता. आज मात्र हा खेळ टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतल्या मुलांचा आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, ४५वा आलेला आरिफ खान याच भागातला, आणि त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान होते. तुम्हाला शिकवणारा प्रशिक्षक चालायला लागल्यापासून बर्फावर असण्याची शक्यता मोठी आहे, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोलावे.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात. थंडीचा कडाका याच काळात असतो, पण उतारांवर पुरेसा थर साचायला वेळ लागतो. म्हणून शिकणाऱ्याने जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ निवडावा. ख्रिसमसच्या सुटीत जाण्याचा मोह टाळावा. गर्दी असते, भाडी चढलेली असतात आणि बर्फ असेलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये तर महिन्याचा बहुतेक काळ गुलमर्ग कोरडे होते, पिवळ्या गवताची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती आणि खरा बर्फ महिनाअखेरीस पडला. तेव्हा विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी थोडे थांबण्याची सोय ठेवता आली तर उत्तम.

परतीच्या प्रवासाआधी श्रीनगरमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, कारण बर्फ किंवा धुके दाटले की विमाने रद्द होतात. टंगमर्गपासून वरचे सुमारे १३ किलोमीटर हा घाट आहे आणि हिवाळ्यात तेथे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना ताकद पोचणाऱ्या गाड्याच सोडतात, म्हणून श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी भाडे ठरवताना ते गुलमर्गपर्यंतचे आहे की टंगमर्गपर्यंतचे, हे स्पष्ट विचारून घ्यावे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या निदान एकाचे पोस्टपेड असू द्यावे.

कोणाकडून शिकावे

दोन मार्ग आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गलाच आहे. तेथील ठरावीक मुदतीच्या अभ्यासक्रमात शिस्त असते, दिवसभर सराव होतो आणि बरोबरचे शिकाऊ असल्याने पडण्याची लाज वाटत नाही. जागा मर्यादित असल्याने अर्ज आधीपासून करावा लागतो. दुसरा मार्ग खासगी प्रशिक्षकाचा. तो महाग पडतो. पण चाळिशीच्या पुढच्या माणसाला, किंवा ज्याच्या मनात भीती घर करून बसली आहे त्याला, एकास एक शिकवणे जास्त उपयोगी पडते. दोन्ही करायचे असेल तर पहिले तीन दिवस एकट्याने शिकावे आणि मग गटात जावे. उलटे केले तर चुका मुरतात.

प्रशिक्षक ठरवताना त्याला एकच प्रश्न विचारा : “पहिल्या दिवशी काय शिकवणार?” “बूट घालून चालणे, पडणे, उठणे” असे उत्तर आले तर तो माणूस पकडावा. “सर, कल ऊपर ले जाएँगे” असे उत्तर आले तर नमस्कार करून पुढे जावे. पर्यटन खात्याकडे नोंदणी असल्याचे ओळखपत्र पाहावे, तासांचा आणि दिवसांचा दर आधी ठरवावा, आणि साहित्याचे भाडे त्यात धरले आहे की नाही तेही बोलून घ्यावे. गाडीतून उतरताच घोडेवाले आणि स्लेजवाले तुमच्याभोवती जमतील. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. चार महिन्यांच्या बर्फावर त्यांचे वर्षाचे घर चालते. ‘स्कीइंग शिकायला आलो आहोत, आठवडाभर येथेच आहोत,’ एवढे शांतपणे सांगितले की दुसऱ्या दिवसापासून तीच मंडळी ओळखीने हात करू लागतात.

निघण्यापूर्वीचे सहा आठवडे

स्कीइंगमध्ये सर्वांत आधी दमतात त्या मांड्या, आणि दमलेल्या मांड्यांनी गुडघ्यांचे रक्षण होत नाही. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची आहे असे समजून मांड्या जमिनीला समांतर ठेवून बसावे. अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करून दोन मिनिटांपर्यंत न्यावे. एका पायावर उभे राहून दात घासावेत, तोल सुधारतो. पुण्यातल्यांना सिंहगड आहेच, पण गड चढण्याचे कौतुक बाजूला ठेवून या वेळी उतरण्याकडे लक्ष द्यावे : गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आवाज न करता टेकलेले, उतारावर धावत सुटण्याचा मोह आवरलेला. बर्फावर मांडीचे स्नायू नेमके हेच काम करतात, ताणले जात असतानाच भार पेलण्याचे. गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर तिकिटापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि प्रवास विमा घेताना त्यात हिवाळी खेळ धरले आहेत का, हे बारीक अक्षरांत वाचून पाहावे. अनेक पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात. अंगालगत सुती काही नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबल्याबरोबर अंग गारठते. आत थर्मल, मध्ये लोकरीचे किंवा फ्लीसचे, बाहेर वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट व पँट, असे तीन थर पुरेत. आजीने दिलेली माकडटोपी संध्याकाळी खुशाल घाला, पण उतारावर हेल्मेट हवे. भाड्याच्या दुकानांत चांगल्या मापाचे हेल्मेट मिळतेच असे नाही. विकत घ्यायची एकच वस्तू निवडायची झाली तर मी हेल्मेट निवडेन, आणि दुसरी निवडायची झाली तर पाणी न शोषणारे हातमोजे.

बूट : येथे घाई केली की आठवडा वाया

आता ज्या गोष्टीवर नवखे सर्वांत कमी वेळ घालवतात तिच्याकडे येऊ. मी पहिल्या वर्षी भाड्याच्या दुकानात शिरलो, बूट घातले, “आरामात बसतात,” असे म्हणालो आणि बाहेर पडलो. पुढचे दोन दिवस मी पाय वळवायचो आणि बूट आपल्या जागी राहायचा. स्कीपर्यंत माझा निरोप पोचतच नसे. दोष स्वतःच्या अंगी नाही हे कळायला तिसरा दिवस उजाडावा लागला. एका प्रशिक्षकाने माझ्या बुटात वरून दोन बोटे घातली, ती सहज आत गेली, आणि तो काही न बोलता मला पुन्हा दुकानात घेऊन गेला.

स्कीचा बूट आरामदायक वाटला, तर बहुधा तो मोठा आहे. त्याचे माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असते. घरीच भिंतीला टाच लावून, पावलावर वजन देऊन उभे राहावे, अंगठ्याच्या टोकाशी खूण करावी आणि अंतर मोजून जावे. २६ सेंटिमीटर पाऊल असेल तर २६ किंवा २६.५ चा बूट मागावा. बूट घालून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भिंतीला जेमतेम स्पर्श करायला हवीत, आणि गुडघे पुढे वाकवल्यावर तीच बोटे किंचित मागे सरून मोकळी व्हायला हवीत. टाच मात्र जागची हलता कामा नये. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा घालावा. थंडीच्या भीतीने दोन मोजे घातले की रक्ताभिसरण अडते आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पँट बुटात खोचू नये, तिच्या घडीने नडगीवर वळ उठतात. बकल लावताना आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी, मग घोट्याजवळचे बकल घट्ट करावे, वरचे त्याहून थोडे सैल आणि पावलावरची दोन्ही फक्त लागतील इतकीच. दुकानात दहा मिनिटे बूट घालून फिरावे. दुकानदार वैतागला तर वैतागू द्यावा.

स्कीची लांबी नवख्याला हनुवटी ते नाक एवढी पुरते. आखूड स्की वळायला सोपी जाते. काठी उलटी धरून, टोकाजवळच्या चकतीच्या खाली मुठीत पकडली असता कोपर काटकोनात येत असेल तर ती योग्य मापाची. आता राहिले बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीशी जोडणारी खटक्याची रचना. पडल्यावर पाय पिरगळण्यापूर्वी बूट सुटावा हे तिचे काम, आणि तो किती जोराला सुटेल हे तिच्यावरील आकड्याने ठरते. तुमचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून तो आकडा लावायचा असतो. भाड्याने देणारा यांतले काहीही न विचारता स्की पुढे सरकवत असेल तर स्वतःहून वजन सांगावे, आपण अगदी नवखे आहोत हे स्पष्ट सांगावे आणि आकडा आपल्यासमोर लावून घ्यावा. येथे संकोच नको.

पहिला दिवस : चालणे, पडणे, उठणे

पहिला तास सपाटीवर, एकाच पायात स्की घालून घालवावा. दुसऱ्या पायाने ढकलत, लहानपणी स्कूटर खेळायचो तसे सरकावे. मग पाय बदलावा. हे पोरकट वाटते, पण घसरणाऱ्या वस्तूवर एका पायाने उभे राहता येते, हा विश्वास याच तासात बसतो. स्की चढवताना बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढावा, नाहीतर बाइंडिंग अर्धवट बसते आणि नको तेव्हा सुटते.

उभे कसे राहावे, हे सांगायला मला कबड्डीइतके नेमके उदाहरण दुसरे सापडलेले नाही. चढाईला निघालेला खेळाडू पवित्रा घेतो तेव्हा त्याचे गुडघे आणि घोटे वाकलेले असतात, वजन चवड्यांकडे असते, हात पुढे आणि नजर समोरच्या माणसावर असते. स्कीवर तसेच उभे राहायचे आहे, फक्त नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला हलक्या टेकलेल्या हव्यात. उकिडवे बसल्यासारखे मागे झुकले की सगळे बिघडते, कारण मागे झुकल्याने स्कीची टोके हलकी होतात आणि दिशा देणारा भागच जमिनीवरून सुटू पाहतो. भीती वाटली की माणूस दरीपासून दूर, म्हणजे मागे, झुकतो. आणि मागे झुकल्यामुळे वेग वाढून तो आणखी घाबरतो. हा फेरा पुढच्या चार दिवसांत मोडायचा आहे.

नंतर आडवे चढणे. गुडघे दुखणारी माणसे जिना जसा आडवा उतरतात, तशी स्की उताराला आडवी ठेवून, वरच्या कडा बर्फात रुतवत, एकेक पाऊल बाजूला टाकत वर जायचे. स्की ‘आडवी’ आहे की नाही हे कळण्यासाठी एक खूण सांगतो : आपण उभे आहोत तेथे तांब्याभर पाणी ओतले तर ते ज्या रेषेने वाहत जाईल, त्या रेषेला स्की काटकोनात हवी. हीच रेषा म्हणजे प्रशिक्षक ज्याला ‘फॉल लाइन’ म्हणतात ती. पुढचे सगळे शिक्षण या रेषेशी असलेल्या नात्याचे आहे.

पडायचे ते कुशीवर, वरच्या बाजूला, बसकण मारल्यासारखे. हात मागे टेकवून पडणे थांबवायला जाऊ नये. मनगट आणि अंगठा याच सवयीने दुखावतात. काठीच्या पट्ट्यात मनगट अडकवल्यानेही पडताना काठी अंगठ्यात तिढा घालते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस पट्टे न अडकवलेले बरे. उठताना आधी दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, एकमेकींना समांतर आणि उताराला आडव्या आणाव्यात, कडा रुतवाव्यात, आणि मग वरच्या बाजूच्या बर्फावर हात दाबून उठावे. स्की खाली तोंड करून असताना उठणारा माणूस उठतो, दोन मीटर जातो आणि पुन्हा बसतो. हा तमाशा दर वर्षी पाहायला मिळतो आणि पहिल्या वर्षी मीही त्यात होतो. फारच जमेना तर वरची स्की काढून उठावे, त्यात कमीपणा नाही.

स्नोप्लाऊ, अर्थात घाटातला पहिला गिअर

दुसऱ्या दिवसापासून खरा धडा सुरू होतो. स्कीची पुढची टोके जवळ, मागची टोके दूर, असा उलटा ‘व्ही’ करून उतरण्याला स्नोप्लाऊ म्हणतात. लहान मुलांना तो पिझ्झाचा तुकडा म्हणून शिकवतात. टाचा बाहेर ढकलल्या की स्कीच्या आतल्या पोलादी कडा बर्फाला खरवडतात आणि वेग कमी होतो. येथे बहुतेक जण एक चूक करतात : स्नोप्लाऊला ते ब्रेक समजतात, वेग वाढेपर्यंत सरळ जातात आणि मग घाबरून एकदम पाय फाकवतात. घाट उतरताना शहाणा चालक वळण आल्यावर ब्रेकवर उभा राहत नाही, तो सुरुवातीपासूनच गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो. पहिल्या मीटरपासून ‘व्ही’ धरावा, तो थोडा मोठा, थोडा लहान करत वेग आपल्याला हवा तेवढाच ठेवावा. शेवटी पूर्ण थांबावे. दहा वेळा उतरून दहाही वेळा ठरवलेल्या जागी, म्हणजे टाकलेल्या हातमोज्याशेजारी, थांबता आले की पुढे जावे. नऊ वेळा जमले म्हणजे जमले असे नाही.

गुडघे एकमेकांना चिकटवून ‘व्ही’ करू नये. बल पायाच्या पंजापासून टाचेपर्यंत सारखे, वळण कमरेच्या सांध्यातून आणि गुडघे आपापल्या स्कीच्या वर, अशी ठेवण हवी. नाहीतर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. नवख्यांच्या दुखापतींमध्ये ही ओळखीची आहे.

थांबता यायला लागले की वळणे सोपे असते, आणि ते जमते तो क्षण मला अजून आठवतो. डावीकडे वळायचे असेल तर उजव्या पायावर वजन द्यायचे, उजवीकडे वळायचे असेल तर डाव्या. हे बुद्धीला उलटे वाटते. मी दीड दिवस खांदे फिरवून, मान वळवून, प्रसंगी मनातल्या मनात विनवण्या करून वळायचा प्रयत्न करत होतो. “पैर से, सर, पैर से,” असे प्रशिक्षक शंभर वेळा म्हणाला असेल. मग एकदा मी काहीच केले नाही, फक्त उजव्या पायाखाली संत्रे आहे आणि ते हळूहळू चिरडायचे आहे असे समजलो, आणि स्की आपल्याआप डावीकडे निघाली. आवाज फक्त कडेखाली भुरभुरणाऱ्या बर्फाचा. त्या दिवशी त्याच साठ-सत्तर मीटरच्या उतारावर मी तीस-बत्तीस फेऱ्या केल्या असतील आणि दुपारचे जेवण चुकवले.

नजर स्कीच्या टोकांवर नको, जायचे आहे तिकडे हवी. वळणे लांबवून, उतार आडवा कापत, पुन्हा वळत यावे. वेग जास्त वाटला की वळण वरच्या बाजूला पूर्ण करावे, स्की स्वतःच मंदावते. ‘व्ही’ लहान लहान होत समांतर स्कीपर्यंतचा प्रवास काहींचा पहिल्या आठवड्यात होतो, काहींचा दुसऱ्या वर्षी. त्याची स्पर्धा लावू नये.

लिफ्ट आणि गोंडोला

चढून चढून दमल्यावर दोरीची ओढ-लिफ्ट हा मोठा दिलासा वाटतो. तिच्यावर बसायचे नसते, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले. दोरीला लटकणारी चकती मांड्यांमध्ये घेऊन उभेच राहायचे, स्की समांतर ठेवायच्या आणि तिला ओढू द्यायचे. पडलात तर लगेच सोडून द्या आणि मार्गातून बाजूला सरका, कारण मागून पुढचा येतच असतो.

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांचा आहे. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तीन हजार मीटरच्या थोडा वर नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरला जेमतेम कमी एवढ्या उंचीवर. तिकिटे आगाऊ, ऑनलाइन काढावीत. कोंगदूरीच्या आसपासचे सौम्य उतार पाचव्या-सहाव्या दिवशी, प्रशिक्षकासह, जरूर करावेत. दुसऱ्या टप्प्यावर मात्र पहिल्या वर्षी स्की घेऊन जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दृश्य पाहायचे असेल तर स्की खाली ठेवून जावे, निरभ्र दिवशी ते पाहण्यासारखे आहेच. अफरवटचे उतार तीव्र आहेत आणि यंत्राने दाबून सपाट केलेले नाहीत. गोंडोलाखालच्या मुख्य भागावर गस्ती पथकाचे लक्ष असते, पण त्याच्या डावी-उजवीकडचे सगळे मोकळे रान आहे. हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि तेथे असे उतार भरपूर आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हापतखुड भागात दोन परदेशी स्कीपटू दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक. ती अनुभवी माणसे होती. ताज्या बर्फावर उमटलेले कोणाचे तरी सुंदर नागमोडी माग पाहून त्यामागे जाणे ही नवख्याची सर्वांत धोकादायक इच्छा असते.

उतारावरचे वागणे

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये घालून दिलेले दहा नियम जगभर मानले जातात. त्यांतला मुख्य असा की, खाली असलेल्याचा हक्क पहिला. मागून, वरून येणाऱ्याला पुढचा दिसत असतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून टाळण्याची जबाबदारी वरच्याची. याच कारणाने थांबायचे झाले तर अरुंद जागी किंवा चढाच्या आड थांबू नये, पायी चढायचे झाले तर कडेने चढावे आणि पुन्हा निघताना वर पाहून निघावे. गुलमर्गच्या खालच्या उतारांवर हे नियम ठाऊक नसलेले स्लेज, सेल्फी काढणारी कुटुंबे आणि क्वचित कुत्रीही असतात, तेव्हा आपला हक्क मनात ठेवून वेग कमी करणे बरे. कोणी पडून उठत नसेल तर थांबावे, त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की एकमेकींना छेद देऊन बर्फात रोवाव्यात आणि मदत बोलवावी.

ऊन, उंची आणि संध्याकाळ

पुण्याहून निघून एका दिवसात २,६५० मीटरवर पोचल्याने पहिल्या रात्री डोके जड होऊ शकते. त्या दिवशी दमणूक नको, पाणी भरपूर हवे. थंडीत तहान लागत नाही म्हणून ते राहून जाते. डोकेदुखीसोबत उलट्या किंवा चालताना तोल जाणे असे काही झाले, तर खाली टंगमर्गला उतरावे, औषध घेऊन सरावाला जाऊ नये. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, आणि दर हजार मीटरमागे या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल हवाच, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली व नाकपुड्यांच्या कडांनाही लावावे. तिथली जळजळ मी सोसली आहे.

दुपारी तीननंतर ‘एक शेवटची फेरी’ असे जो म्हणतो त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. त्या वेळी मांड्या संपलेल्या असतात, सावलीतला बर्फ टणक होऊ लागतो आणि सकाळपासून जमलेले सगळे विसरल्यासारखे होते. त्याऐवजी खाली येऊन कहवा घ्यावा आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला आपले त्या दिवशीचे वळण हातवारे करून समजावून सांगावे. तोही तुम्हाला त्याचे सांगेल. संध्याकाळी हॉटेलात सर्व भाषांत हाच विषय चालू असतो.

खोलीवर आल्यावर एक काम मात्र टाळू नये. बुटांचे आतले मऊ अस्तर बाहेर काढून बुखारीपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपासून, हातभर अंतरावर ठेवावे. जवळ ठेवले तर ते आक्रसते, न काढता ठेवले तर सकाळी ओलेच राहते. बकले मात्र अस्तर परत आत बसवून, हलकी लावून ठेवावीत, म्हणजे रात्रभराच्या थंडीत प्लास्टिक वाकडे आखडत नाही आणि सकाळी साडेनऊला प्रशिक्षक दारात येतो तेव्हा पाय आत घालण्यासाठी झटापट करावी लागत नाही.